जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना

"चालू व्हायलाच फार वेळ घेतो" म्हणत कोणी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला की मी आधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडते. त्यात परफॉर्मन्सखाली डिस्कचा आलेख असतो आणि डिस्क एचडीडी (फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क), तेही तिथेच लिहिलेलं असतं. एचडीडी असेल, आलेख बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर दुखणं डिस्कचंच. तिथे आधीच एसएसडी दिसत असेल तर ही खटपट करू नका. मेमरी कमी पडत असेल, नाहीतर सुरुवातीलाच नको ते प्रोग्रॅम उघडत असतील.

हार्ड डिस्कची तबकडी बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० वेळा फिरते. एखाद्या फाइलीपाशी पोचायचं तर हेड सरकवायचं आणि तबकडीचा नेमका भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचं. यात दहा-पंधरा मिलिसेकंद सहज जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली वाचते, त्याही डिस्कभर विखुरलेल्या. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत उरकतो.

म्हणूनच खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. एसएसडी जोडायच्या दोन पद्धती, जुनी साटा आणि नवी एनव्हीएमई. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई ३५०० किंवा त्याहूनही जास्त. पण हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे. नुसता लॅपटॉप लवकर सुरू व्हावा एवढंच हवं असेल, तर या दोन्हींतला फरक जेमतेम जाणवतो. लॅपटॉपला साटाच चालत असेल तर हळहळू नका.

आता तुमच्या लॅपटॉपमध्ये काय बसतं ते बघा. इथेच जास्त लोक फसतात. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असते. नवी एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी जागा ९.५ मिलिमीटरची असेल तर एसएसडी हलू नये म्हणून भोवती प्लॅस्टिकची चौकट लागते. त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची मदरबोर्डवरची खाच असते. या पट्टीच्या मापांत २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० सुद्धा असतात, तेव्हा लांबी मोजून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही एम.२ स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. पट्टी खाचेत नीट बसली म्हणजे ती चालेलच असं नाही. तुमच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि त्यातलं स्टोरेजचं पान वाचा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी, म्हणजे साठवणीची साधी चिप, मदरबोर्डवरच डाखलेली असते. तिथे मोकळा स्लॉट नसेल तर विषय संपला.

क्लोन करायचं, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची, की विंडोज नव्याने टाकायची? माझं मत नव्याने टाकण्याकडे झुकतं, कारण वर्षानुवर्षांचा कचरा वेगाने वाचून काय मिळवायचं! पण परवान्याची सॉफ्टवेअर बरीच असतील तर क्लोनच सोयीचा. त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तपासा. तिथे इशारा दिसला तर क्लोनच्या नादी न लागता आधी फाइली बाहेर काढा. क्लोन करताना मूळ डिस्क कुठली आणि नवी कुठली हे मॉडेलचं नाव वाचून दोनदा ताडून बघा. उलट झालं तर कोऱ्या डिस्कची कोरी नक्कल तुमच्या डेटावर चढते. बॅकअप आधी घ्यायचा तो यासाठीच.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते उघडायची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्या आणि क्लोनपूर्वी एन्क्रिप्शन बंद करा. नव्याने टाकणार असाल तर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. विंडोज त्याच लॅपटॉपवर अ‍ॅक्टिव्हेट झालेली असेल तर डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्याने तो जात नाही. इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही, तर बहुतेक वेळा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. तोही लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

उघडण्याआधी शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे लॅपटॉप खरोखर पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. कागदावर तळाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा, कारण लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरच्या कव्हरला उंचवटा येतो. सगळे स्क्रू निघूनही कव्हर हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. कडेने प्लॅस्टिकचं कार्ड फिरवलं की खिट्ट्या एकेक करून सुटतात. कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, आणि तो वायरींना न ओढता नखाने दोन्ही बाजूंनी सरकवायचा. मग एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

एम.२ पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत आत सरकवतात. सोनेरी दाते जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत आत जायला हवी. सोडल्यावर ती आपोआप वर उचलली जाते; ते बरोबरच आहे. बोटाने हलकेच खाली दाबून धरायची आणि टोकाचा स्क्रू लावायचा. हा बारीक स्क्रू एसएसडीच्या खोक्यात बरेचदा नसतो. आधी मदरबोर्डवरच लावलेला आहे का ते बघा, नसला तर आधीच मागवून ठेवा. तो नुसता टेकला की पुरे, पिळू नका.

क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेलीच असू द्या. दोन सारख्या डिस्क एकदम दिसल्या की विंडोज कुठून सुरू झाली याचा घोळ होतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, नवी डिस्क दिसतेय ना ते बघा आणि बूटच्या क्रमात तिला वर घ्या. सुरू होत नाही म्हणून तिथल्या रेड आणि एएचसीआय या डिस्क हाताळायच्या पर्यायांची अदलाबदल मात्र करू नका, क्लोन केलेली विंडोज त्यानेच अडू शकते.

नंतर विंडोजमधलं ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडून नव्या डिस्कपुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहिलंय का ते एकदा पाहा. विंडोज अधूनमधून तिला ट्रिम करते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवते; ते चालू राहू द्या. डीफ्रॅगचं (विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र लावायचं) वेगळं सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका. जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा. एखादी फाइल राहून गेल्याचं तेव्हाच कळतं.