के-१ व्हिसा: पाकीट बंद करण्याआधी स्कॅन करा

के-१ हा अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेल्या व्यक्तीचा व्हिसा. त्यासाठीचा आय-१२९एफ अर्ज भरतो अमेरिकन नागरिक असलेला जोडीदार, पण मुंबईच्या वकिलातीत त्याच कागदांवरून प्रश्न विचारले जातात दुसऱ्याला.

१. सह्या झाल्यावरच सगळी पानं स्कॅन करा, फोटोंमागच्या तारखांसकट. सहीआधीची प्रत कुचकामी.

२. पाठवलेल्या क्रमाने एकच पीडीएफ करा, दोघांकडे एकेक.

३. अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडून आय-७९७ पोचपावती आणि मंजुरीपत्र येतील तशी जोडा. लग्नानंतर आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरताना मंजुरीपत्राची प्रत लागतेच, आणि नेमकी तेव्हाच ती सापडत नाही.

मराठी जन्मदाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र एकत्रच ठेवा.

वकिलातीने सीलबंद पाकीट दिलं, तर प्रतीसाठी ते फोडू नका. ते अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारीच उघडतो.