बेस रेकॉर्ड करायला शिकताना: स्पंज, इपॉक्सी आणि दोन वाटा

बेस गिटारचं रेकॉर्डिंग शिकायला आलेले बहुतेक जण मला आधी पेडल (पायाने चालू-बंद करायचं, आवाज बदलणारं उपकरण) कोणतं घ्यावं ते विचारतात. मी स्पंजचा तुकडा घ्यायला सांगते. ब्रिजला (बेसच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या भागाला) लागून, तारांच्या खाली तो घट्ट बसवा आणि एकच ओळ स्पंजसह आणि स्पंजशिवाय रेकॉर्ड करा. स्पंज असला की सूर ठसठशीत उमटतो आणि लगेच विरतो. वरचे हार्मॉनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे उंच उपसूर) आधी जातात, मूळ सूर मागे राहतो. नुसता बेस ऐकला तर आवाज थोटका वाटेल. ड्रम सुरू करा, मग किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) मोकळी जागा मिळालेली कळेल.

डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बेसवादक जेम्स जेमरसन यांचा आवाज असाच घडला. १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, जाड फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा (तुटल्याशिवाय ते बदलत नसत) आणि छेडायला फक्त तर्जनी. स्टुडिओत बेस बहुधा थेट कन्सोलला (रेकॉर्डिंगच्या मिक्सरला) जोडलेला असे.

बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी नेमकं उलट केलं. त्यांच्या जॅझ बेसला फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नव्हते, त्यांच्या खाचा बुजवलेल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर (जिथे बोटांनी तारा दाबतात त्या लाकडावर) बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर होता. राउंडवाउंड म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या खरखरीत तारांनी लाकडाला चरे पडतात, ते या थरामुळे टळलं. शिवाय सुराला झळाळी आली, तो लांबपर्यंत गाऊ लागला. १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम हेडफोन लावून ऐकाच.

आता सिग्नल दोन वाटांनी नेण्याबद्दल. माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ‘येस’ या बँडचे बेसवादक ख्रिस स्क्वायर यांनी आपला रिकनबॅकर बेस स्टीरिओ (दोन वेगळे सिग्नल देणारा) करून घेतला होता. खालचा आवाज बेस अॅम्पला, वरचा गिटार अॅम्पला. त्यामुळे गुरगुर वरच्या पट्टीत आली, पाया साफ राहिला. बेसचा खालचा ई हा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. सगळ्याच सिग्नलवर डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) चढवलं की हा तळ हमखास पातळ होतो. म्हणून ट्रॅकची प्रत काढा. एकीवर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं तेवढं ठेवा आणि ती स्वच्छ राहू द्या. दुसरीवरून तळ काढून टाका आणि मग तिला हवं तितकं खरवडा.

दुसरी वाट खऱ्या अॅम्पमधून माइकने घेत असाल तर फेज (दोन्ही ट्रॅकच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात का) तपासायलाच हवा. माइक स्पीकरपासून ३४ सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज डीआयपेक्षा (बेसमधून थेट रेकॉर्ड केलेल्या सिग्नलपेक्षा) जवळजवळ १ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ५०० हर्ट्झला तेवढा वेळ म्हणजे अर्धं आवर्तन, त्यामुळे दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की नेमका तिथला आवाज कापला जातो. वेव्हफॉर्म मोठा करून माइकचा ट्रॅक तेवढा अलीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा ओढा, पोलॅरिटीचं (लहर उलटी करणारं) बटण दोन्हीकडे फिरवून पाहा आणि मोनोमध्ये ऐका. ज्या जागी बेस सगळ्यात भरीव लागतो, ती जागा पक्की करा.