पवनचक्कीच्या कामात यायचंय? आधी सातबारा वाचायला शिका

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं पवन ऊर्जेबद्दल विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताला बसतं. मी त्यांना सातबारा वाचायला शिकायला सांगतो.

सुरुवात अर्थात वाऱ्यापासूनच होते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे पाहून पट्टा ठरवायचा. आपल्याकडे सिन्नर-चांदवडची उघडी पठारं पाहा. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तर जरूर पाहून या. पण नुसत्या नकाशावर बँक कर्ज देत नाही. जागेवर उंच मास्ट, म्हणजे वारा मोजायचा खांब, उभारून किमान वर्षभर नोंदी घ्याव्या लागतात, कारण नैर्ऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबरमध्येच जोरात असतो आणि वर्षभरातल्या विजेचा मोठा वाटा त्याच महिन्यांत निघतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वारा मिळाला तर शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी जास्त. त्यामुळे ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं उपकरण) जरासा चुकला तरी सगळा हिशेब हलतो. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याचं, प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्या.

आता जमीन. टॉवरखाली जागा थोडीच लागते, पण दोन पवनचक्क्यांमध्ये साधारण पंख्याच्या व्यासाच्या ५ ते ७ पट अंतर ठेवतात, म्हणून एकच प्रकल्प अनेक गावांच्या शिवारांत पसरतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलेलं दिसलं की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आलीच. सुरगाणा, पेठ, कळवणकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची आदिवासी जमिनीच्या हस्तांतराबद्दलची कलमं ३६ आणि ३६-अ वाचल्याशिवाय बोलणी सुरू करू नका. खरं काम असतं 'इतर हक्क' रकान्यात आणि फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, आजोबा जाऊन वर्षं लोटली तरी न झालेली वारस नोंद. भाऊ तोंडी वाटपावर शेत कसतात, आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बहिणीचा हिस्सा कागदावर तसाच असतो. तिच्यापुढे नुसता कागद सरकवून सही मागायची नाही. ताई, तुमचा हिस्सा एवढा, मोबदला एवढा, करार इतक्या वर्षांचा, असं तिच्या घरी बसून सांगायचं. याला वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन.

परवानग्यांचं नाशिकमध्ये थोडं वेगळं आहे. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा तोफखाना जवळ असल्यानं उंचीची आणि संरक्षण खात्याची ना-हरकत लवकर मागा. निफाडकडे जागा बघत असाल तर २०२० मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेलं नांदूर मधमेश्वर लक्षात ठेवा. तिथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, त्यांच्या वाटेत पंखे नकोत. वीज कुठल्या उपकेंद्रात सोडायची हा प्रश्नही जमिनीच्या बरोबरीनंच सोडवायला घ्या. वारा उत्तम, पण महापारेषणच्या (राज्याच्या वीज वहन कंपनीच्या) उपकेंद्रात जागा नाही, अशी साइट कागदावरच राहते.

रस्ता मात्र स्वतः चालून बघावा. हल्लीचं पातं ६० मीटरच्या पुढे लांब असतं. महामार्गावर अडचण कमी. गावाकडे वळल्यावर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये फरशी पूल, लोंबत्या तारा आणि काटकोनातली वळणं भेटतात. वळणावर जुनं वडाचं झाड असेल तर तोडायची परवानगी मागण्याआधी दुसरा रस्ता शोधा.

पायाचं काँक्रीट शेकडो घनमीटर लागतं आणि ते एका दमात, न थांबता ओतावं लागतं. मध्ये खंड पडला तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या थरातला कच्चा सांधा, राहतो. म्हणून दुसरा आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट आधीच तयार ठेवायचा, प्रत्येक गाडीचा स्लम्प (काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे ते) बघायचा, आणि क्यूबची (त्याच काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्याची) २८ दिवसांची ताकद हातात आल्याशिवाय टॉवरचा पहिला भाग चढवू द्यायचा नाही, क्रेनचं भाडं कितीही चढत असलं तरी.