ट्रेंटनला आमदारांपुढे बोलायचं असेल तर

भारतातून आलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर पचत नाही: अमेरिकेत सगळ्या निवडणुका घेणारा एक निवडणूक आयोग नाही. आपल्याकडे घटनेचं कलम ३२४ आहे, दिल्लीत आयोग आहे, आचारसंहिता लागली की मंत्र्यांचीही पंचाईत होते. इथे मतदारनोंदणीची मुदत किती, मतपत्रिका कशी मांडायची, मतदानाच्या दिवसाआधीचं लवकर मतदान किती दिवस, हे बहुतांशी प्रत्येक राज्याचं विधिमंडळ ठरवतं आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ते राबवते. न्यू जर्सीत तर मतपत्रिका छापून घेणारा काउंटी क्लर्क स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. हे ऐकून माझ्या वडिलांनी फोनवर विचारलं होतं, "मग भांडणं नाही होत?"

होतात ना! 'काउंटी लाइन'चंच घ्या. प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात त्या निवडणुकीत, पक्षाच्या काउंटी संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच ओळीत, वरपासून खालपर्यंत, आणि बाकीचे कुठे तरी कोपऱ्यात. २१ पैकी १९ काउंट्यांत ही पद्धत होती. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकी सेनेटसाठी उभे असलेले अँडी किम आणि आणखी दोन उमेदवार कोर्टात गेले. २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जूनमधल्या प्राथमिक निवडणुकीपुरती ती मांडणी थांबवली. पण कायमचा कायदा कोर्ट करत नाही. तो राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला विधिमंडळात, व्हायचा होता, आणि गव्हर्नर मर्फींची त्यावर सही झाली मार्च २०२५मध्ये. मधल्या वर्षभरात मतपत्रिकेच्या मांडणीवर विधिमंडळाच्या कमिटीपुढे जाहीर सुनावण्या झाल्या. अशा खोलीत साधा मतदारही बोलू शकतो, हे आपल्या बऱ्याच लोकांना ठाऊकच नसतं.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनचा रहिवासी, व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. एका मतदार हक्क संघटनेबरोबर स्वयंसेवक म्हणून हे काम करता करता शिकलो. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे जाऊन तुम्ही नक्की करता काय?" हा लेख त्यांच्यासाठी.

आधी आपल्या आमदारांची ओळख करून घ्या. राज्याचे ४० मतदारसंघ आहेत, प्रत्येकात एक सेनेटर (वरच्या सभागृहाचा) आणि दोन असेंब्ली सदस्य (खालच्या सभागृहाचे). म्हणजे तुमचे आमदार तीन. एडिसन अठराव्या मतदारसंघात येतं. आपली माणसं इथे हटकून एक घोळ घालतात: भारतीय आडनावाचा आमदार शोधून त्याला मेल टाकतात, मग तो दोन काउंट्या पलीकडचा का असेना. त्याच्या ऑफिसमधला माणूस गोड बोलतो आणि पहिला प्रश्न टाकतो, "तुमचा पत्ता काय?" आडनाव बघून जाऊ नका, पत्ता बघून जा. तुमच्या मतदारसंघातला आमदार तुम्हाला ओळखत नसला तरी त्याला तुमची दखल घ्यावी लागते, कारण तुमचं मत त्याच्या खात्यात आहे.

ही नोकरी इथे अर्धवेळ समजली जाते. आमदारांचा पगार कित्येक वर्षं ४९,००० डॉलर होता, जानेवारी २०२६पासून ८२,००० झाला. बरेचसे वकील, शिक्षक, व्यावसायिक असतात. त्यामुळे प्रत्यक्ष आमदारापेक्षा त्याच्या ऑफिसमधल्या सहायकाशीच तुमचा जास्त संबंध येतो, बहुतेकदा तिशीच्या आतल्या मुलामुलींशी. त्यांना कमी लेखू नका. आमदाराच्या टेबलावर कुठला कागद वर राहील हे तेच ठरवतात. मी भेटीला जाताना एक पान नेतो: वर विधेयकाचा नंबर, खाली आम्हाला काय हवंय ते दोन ओळींत, मग आपल्या मतदारसंघातलं एक उदाहरण. दुसरं पान कुणी वाचत नाही.

विधेयक अडकलंय कुठे, हे समजून घ्यायला मात्र वेळ द्या. खरी मेख तिथेच आहे. दर सत्रात हजारो विधेयकं मांडली जातात आणि बहुसंख्य कमिटीतच पडून राहतात. कमिटीच्या अध्यक्षाने ते अजेंड्यावर घेतलं तरच सुनावणी होते. तिथून सुटलं तरी सभागृहात मतदानाला घ्यायचं की नाही, हे असेंब्लीत स्पीकर आणि सेनेटमध्ये प्रेसिडेंट ठरवतात. पुढे असेंब्लीत ४१ आणि सेनेटमध्ये २१ मतं लागतात. मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवण्याचं विधेयक बघा. मिनेसोटात ही सोय १९७०च्या दशकापासून आहे. न्यू जर्सीत मुदत २१ दिवस आधीची, आणि ती बदलणारं विधेयक सत्रामागून सत्र येतं आणि अडकतं. अशा वेळी आधीच बाजूने असलेल्या आपल्या असेंब्लीवुमनला दहा मेल पाठवून काय होणार? ती तुम्हाला "धन्यवाद, मी सहप्रायोजक आहे" असं कळवते, आणि तुम्ही खूश. त्यापेक्षा तिला विचारा, "हे अजेंड्यावर यावं म्हणून तुम्ही अध्यक्षांशी बोलाल का, आणि कधी?" असा प्रश्न टाकला की सहायक वही उघडतो.

आणि पैसा. लवकर मतदानाचा कायदा ३० मार्च २०२१ला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी नऊ दिवस केंद्रं उघडी होती. त्याआधी काउंट्यांचा मुख्य सवाल होता नवी यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक मतदारयाद्यांच्या खर्चाचा. निवडणुकीच्या कुठल्याही सुधारणेबद्दल बोलताना काउंटी क्लर्कच्या ऑफिसला आधी एक फोन करून अडचणी विचारून घ्या. ते विरोधात साक्ष द्यायला आले तर चांगलं विधेयकही गळपटतं, आणि त्यांचं म्हणणं बऱ्याचदा रास्त असतं.

आता प्रत्यक्ष साक्ष. सुनावण्या बहुतेक सोमवारी आणि गुरुवारी, स्टेट हाउसच्या अ‍ॅनेक्स इमारतीत. एडिसनहून ट्रेनने ट्रेंटन, पुढे मैलभर चाल. आधी एक स्लिप भरायची: नाव, संस्था असली तर ती, विधेयकाचा नंबर, बाजूने की विरोधात, आणि बोलणार की नुसती नोंद करणार. नुसती नोंदसुद्धा मोजली जाते, तेव्हा घसा कोरडा पडत असेल तर पहिल्या वेळी तेवढंच करा. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. तुमचा नंबर लागेपर्यंत तासन्तास जाऊ शकतात, डबा बरोबर ठेवा.

दोन-तीन मिनिटांत काय बोलायचं? आमच्याकडची एक काकू, पंच्याहत्तरीच्या, नागरिकत्व घेतलेल्या. इंग्रजी जेमतेम. मिडलसेक्स काउंटीत २०२१च्या डिसेंबरपासून एका भारतीय भाषेत मदत देणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक झालं आणि मतपत्रिका गुजरातीत आली. काकूंना गुजराती बोललेलं कळतं, वाचता येत नाही. सून बरोबर गेली, तर केंद्रावरची बाई म्हणाली, आत एकटंच जायचं. वास्तविक मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ नुसार वाचता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस मदतीला नेता येतो; फक्त तो त्याचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा. काकू मत न देताच परतल्या.

साक्षीचा माझा पहिला मसुदा "लोकशाहीत प्रत्येक मत अमूल्य आहे" असा सुरू होत होता. संघटनेतल्या एका अनुभवी बाईंनी ती ओळ खोडली आणि म्हणाल्या, "काकूंपासून सुरू कर. कुठलं केंद्र, किती वाजता, कोण काय म्हणालं. मग थेट माग: केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात कलम २०८ सक्तीने असावं." तसंच बोललो. फोनमध्ये डोकं घातलेल्या एका सदस्याने वर बघून विचारलं, "अशी माणसं किती असतील?" माझ्याकडे आकडा नव्हता. "शोधून लेखी पाठवतो," म्हणालो आणि आठवड्याभरात पाठवला. नसलेला आकडा ठोकून देऊ नका. पुढच्या वेळी तुमची स्लिप बघून लोक हसतील.

मागितलेलं सगळं मिळेल अशी आशाही नको. सेनेटर रोनाल्ड राइस यांच्या विधेयकात तुरुंगातल्या कैद्यांनाही मताचा हक्क द्यायचा होता. डिसेंबर २०१९मध्ये जो कायदा झाला त्यात फक्त पॅरोल (मुदतीआधी अटींवर सुटका) आणि प्रोबेशनवरचे (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली असलेले) लोक आले. तरीही मार्च २०२०पासून ८० हजारांहून जास्त माणसांना मत परत मिळालं. त्या लढ्यात स्वतः पॅरोलवर असलेली माणसं उभी राहून बोलली होती.

ग्रीन कार्डवाले किंवा एच-वनवाले विचारतात, आम्ही येऊ का? जरूर या. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क फक्त नागरिकांचा नाही. पण नागरिक नसाल तर मतदार म्हणून नाव चुकूनही नोंदवू नका. लायसन्स काढताना मोटार व्हेइकलच्या ऑफिसात २०१८पासून मतदारनोंदणी आपोआप पुढे येते. तिथे स्क्रीन नीट वाचा, नकार द्या. ही नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, प्रसंगी देशात राहण्याच्या हक्कातही आडवी येऊ शकते. मंडळाच्या मंडळींसाठीही एक गोष्ट: करमाफी असलेल्या संस्थेला विधेयकावर मर्यादेत बोलता येतं, उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही. दिवाळीच्या स्टेजवर आमदाराला शाल देताना "यांनाच मत द्या" एवढं कुणी बोलून जाऊ नये म्हणजे मिळवली.

मुलं असतील तर त्यांना घेऊन या. जानेवारी २०२४मध्ये सही झालेल्या कायद्याने, नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांना २०२६पासून प्राथमिक निवडणुकीत मत देता येतं. नेवार्कमध्ये तर २०२५मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी शाळा मंडळासाठी मतदान केलं. कमिटीतले सदस्य शाळकरी मुलांना आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात, हे मला जरा खुपतं, पण आहे तसं आहे.

वेळेचं गणित लक्षात ठेवा. जूनअखेर अर्थसंकल्प संपवायचा असतो, त्या महिन्यात दुसरं काही बोलू नका. उन्हाळ्यात कुणी भेटत नाही. सत्र दोन वर्षांचं. ते जानेवारीत संपलं की न झालेली सगळी विधेयकं रद्द होतात आणि नव्या सत्रात नव्या नंबरने परत मांडावी लागतात. तेव्हा गेल्या वर्षीचं पान फोटोकॉपी करून नेऊ नका. वरचा नंबर बदललेला असतो, आणि सहायकाला ते पहिल्या नजरेत कळतं.