विद्यापीठामुळे शहर वाढले का, हे कसे तपासावे: फीनिक्सच्या निमित्ताने

ॲरिझोनातील फीनिक्स हे लोकसंख्येने अमेरिकेतील पाचवे शहर असून, त्याच्या भरभराटीचे श्रेय अनेकदा ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला दिले जाते. हा दावा पारखायचा असेल, तर आधी नकाशा पाहावा. विद्यापीठाचा मूळ परिसर फीनिक्समध्ये नसून शेजारच्या टेम्पी या स्वतंत्र शहरात आहे, त्यामुळे दोन्ही शहरांचे आकडे एकत्र धरायचे की वेगळे, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते.

नंतर सनावळी मांडावी. १८८५ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी स्थापन झालेल्या या संस्थेला विद्यापीठ हे नाव मिळाले ते १९५८ मध्ये, राज्यातील मतदारांच्या कौलाने. इलेक्ट्रॉनिक्स कंपनी मोटोरोलाचे काम मात्र १९४० च्या दशकाअखेरीसच फीनिक्समध्ये सुरू झाले होते. कारखान्यांना अभियंते हवे होते म्हणून विद्यापीठ विस्तारले, हा उलटा क्रमही गृहीत धरावाच लागतो, आणि प्रौढीच्या भाषणांत नेमका तोच गाळला जातो.

खरी कसोटी लागते ती शहराच्या मध्यवर्ती भागात. २००६ मध्ये फीनिक्सच्या मतदारांनी रोखे काढून कर्ज उभारण्यास मान्यता दिली, त्यातील सुमारे २२ कोटी ३० लाख डॉलर विद्यापीठाच्या तेथील नव्या परिसरासाठी होते. २००८ च्या डिसेंबरमध्ये हा परिसर आणि टेम्पी यांना जोडणारी लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी शहरी रेल्वे, सुरू झाली. येथे नव्याने आलेले विद्यार्थी आणि केवळ जागा बदललेले विद्यार्थी यांची नोंद वेगळी ठेवावी. विधी महाविद्यालय २०१६ मध्ये टेम्पीहून येथे हलले, तेव्हा फीनिक्सच्या खात्यात जे जमा झाले ते टेम्पीच्या खात्यातून वजा झाले. संपूर्ण महानगराच्या हिशेबात ती वाढ नव्हे.

विद्यापीठाच्या मालकीच्या सार्वजनिक जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही, म्हणून त्याच्या इमारतींची किंमत न पाहता लगतच्या खाजगी भूखंडांवरील बांधकाम आणि करवसुली तपासावी. २००८ च्या मंदीत येथील घरबाजार कोसळला होता, त्यामुळे २००६ आणि २०१० यांचीच तुलना केल्यास विद्यापीठावर अन्याय होईल. २०००, २०१० आणि २०२० या तिन्ही जनगणना घ्याव्यात, आणि लाइट रेल असूनही विद्यापीठाचा परिसर नसलेली एखादी वस्ती शेजारी ठेवून रेल्वेचा परिणाम शक्य तितका वेगळा काढावा.