कमी खर्चाचा गेमिंग संगणक: सुटे भाग जुळवावेत की तयार संच घ्यावा?

सांगली-मिरज परिसरात गेमिंगसाठी संगणक घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. नामांकित कंपनीचा तयार संच घेता येतो, दुकानदाराने ‘गेमिंग पीसी’ म्हणून आधीच जोडून ठेवलेला संच घेता येतो, किंवा सुटे भाग स्वतः निवडून घरी वा दुकानात समोर बसून असेंबल करून घेता येतात. खर्चाची तयारी 50,000 ते 70,000 रुपयांच्या आसपास असेल, तर माझ्या मते तिसरी वाट सर्वांत हिताची आहे. मात्र प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि त्याची वॉरंटी कोण सांभाळणार, हे कागदावर लिहून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सुरुवात मॉनिटरपासून आणि खेळांच्या यादीपासून करावी. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ आणि मोठ्या जगाचे नवे खेळ यांची गरज अगदी वेगळी असते. या खर्चात 1920 बाय 1080 रिझोल्यूशनचा मॉनिटर पुरेसा आहे. त्याहून मोठ्या रिझोल्यूशनच्या मागे लागल्यास सगळा ताण ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे खेळाचे चित्र तयार करणाऱ्या भागावर येतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत, कारण हिशेब नेमका तिथेच चुकतो.

त्यानंतर उरलेल्या रकमेची वाटणी करावी. साधारण एक तृतीयांश किंवा थोडी अधिक रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी राखावी. आरएक्स 6600 हे 8 जीबी मेमरीचे कार्ड या वर्गात चांगले आहे. त्याच्या जोडीला प्रोसेसर म्हणून सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे एकक) एएमडी रायझन 5 5600 किंवा चार कोअरचा इंटेल कोअर आय3-12100एफ शोभतो. या दोन्ही प्रोसेसरांत अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणून कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्ड पुढच्या वर्षी घ्यायचे असेल, तर अंतर्गत ग्राफिक्स असलेला रायझन 5 5600जी घ्यावा. रॅम 16 जीबीची, पण 8 जीबीच्या दोन पट्ट्यांची घ्यावी. दोन पट्ट्या दोन चॅनेलवर, म्हणजे माहितीच्या दोन वाटांवर चालतात आणि खेळांत त्याचा फरक जाणवतो. एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर काटकसर करू नये, कारण निकृष्ट एसएमपीएस बिघडताना इतर भागांनाही इजा पोहोचवू शकतो.

आता तयार संचाकडे वळावे आणि त्याची जाहिरात नीट वाचावी. ‘आय7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 8 जीबी ग्राफिक्स’ एवढ्या वर्णनातून काहीच कळत नाही. आय7-3770 हा 2012 सालचा प्रोसेसरही आय7 म्हणूनच विकला जातो. खेळांत 2022 सालचा आय3-12100एफ त्याला मागे टाकतो, आणि विंडोज 11 साठी तो जुना प्रोसेसर अधिकृतपणे पात्रही नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे हा मुद्दा आता गंभीर झाला आहे. ग्राफिक्स कार्डांतही नाव सारखे आणि माल वेगळा असा प्रकार आढळतो: आरटीएक्स 3050 हे 8 जीबी आणि 6 जीबी अशा दोन रूपांत मिळते, आणि 6 जीबीच्या कार्डात मेमरीबरोबर प्रक्रिया करणारे कोअरही कमी आहेत. रॅमची एकच पट्टी आणि केवळ वॅट लिहिलेला, कंपनीचे नाव नसलेला एसएमपीएस ही आधीच जोडून ठेवलेल्या संचांची नेहमीची लक्षणे आहेत. अशी किंमत स्वस्त दिसते, पण ती का स्वस्त आहे हे यादी मागितल्यावरच उघड होते.

तरीही तयार संच सरसकट नाकारू नये. काही मोठ्या कंपन्यांच्या संचांना तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी असते आणि विंडोजचा अधिकृत परवाना किमतीतच मिळतो. शिवाय 2025 च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढल्यामुळे एखादा तयार संच सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघू शकतो. मात्र अशा काही संचांतील मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) आणि एसएमपीएस त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात, त्यामुळे पुढे कार्ड वाढवणे अवघड जाते. कॅबिनेट उघडल्यास वॉरंटीवर काय परिणाम होतो, हेही आधी विचारावे.

यानंतर सांगली, मिरज आणि जमल्यास कोल्हापूर येथील दुकानांतून एकाच यादीचे कोटेशन घ्यावे आणि ऑनलाइन भावाशी ताडून पाहावे. स्थानिक दुकानात थोडे जास्त पैसे गेले, तरी मला ते योग्य वाटतात, पण दुकानदार बिघडलेला भाग स्वतः कंपनीकडे पाठवणार असेल तरच. एरवी त्या भागासाठी सुमारे 230 किलोमीटरवरच्या पुण्यापर्यंत आपल्यालाच धावाधाव करावी लागू शकते. प्रोसेसर मूळ सीलबंद खोक्यात घ्यावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची तीच वॉरंटी मिळत नाही. जीएसटीसह पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि खोकी जपून ठेवावीत.

जोडणी करताना गालिच्यावर बसू नये आणि अधूनमधून धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा; दाब देऊ नये. मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. तरी पुस्तिका पाहावीच. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरवरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढल्याशिवाय तो बसवू नये. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर सारखी दिसली, तरी एकीच्या जागी दुसरी लावू नये.

पहिल्यांदा संगणक सुरू झाल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावली आहे याची खात्री करावी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, सुरू करावे. ते न केल्यास 3200 वेगाची डीडीआर4 रॅम 2133 किंवा 2400 सारख्या कमी वेगावर चालत राहते. तिथेच टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी सुरू आहेत का ते तपासावे, कारण विंडोज 11 वर व्हॅलोरंटला ते लागतात. मग तासभर जड खेळ चालवून तापमान पाहावे. सांगलीच्या उन्हाळ्यात बंद काचेच्या दर्शनी भागाचे कॅबिनेट लवकर तापते, म्हणून समोर जाळी असलेले कॅबिनेट निवडावे आणि धूळ नियमित काढावी.

2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णेचे पाणी ज्या भागांत शिरले, तिथे कॅबिनेट तळमजल्यावर ठेवू नये. पाण्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. वीज अचानक जात असेल, तर यूपीएस घ्यावा, पण 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटपर्यंतच भार पेलतो, म्हणून ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर धरून एकूण वॅट मोजूनच त्याची निवड करावी. त्याआधी घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.