भर उन्हात नवरा-नवरीचे फोटो: फ्लॅश दुपारीच वापरा

साडेबाराचा मुहूर्त, लॉनवर डोक्यावर ऊन. फेट्याची सावली थेट नवरदेवाच्या डोळ्यांवर, मुंडावळ्यांच्या काळ्या रेघा नवरीच्या गालांवर. सावली नाही मिळाली तर हे करा:

१. जोडीला उन्हाकडे पाठ करून उभं करा. डोळे बारीक होत नाहीत, केसांना आणि शालूच्या काठाला उजेडाची छान कड येते.

२. कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११. मागचं आकाश आणि झाडं नीट दिसली की थांबा. चेहरे काळे दिसतील, दिसू द्या.

३. आता फ्लॅश टीटीएलवर (किती उजेड टाकायचा ते कॅमेराच मोजून ठरवतो), कॉम्पेन्सेशन उणे १, म्हणजे त्यानं ठरवलेल्यापेक्षा एक पायरी कमी उजेड. तोंड सरळ जोडीकडे. उघड्या मैदानात वर बाऊन्स करायला, म्हणजे उजेड आपटून परत आणायला, छतच नसतं, आणि फ्लॅशवरची प्लॅस्टिकची टोपी निम्मा उजेड खाते, ती काढून ठेवा.

४. दोन-अडीच मीटरवरून घ्या. लांब गेलात तर उन्हापुढे फ्लॅश पोचत नाही.

एक फोटो काढून मोठा करून बघा. डोळ्यांत बारीकसा ठिपका चमकला आणि मुंडावळीचे मोती वेगवेगळे दिसले तर झालं. कपाळ पांढरं पडलं तर उणे दीडवर या. घाम टिपायला रुमाल जवळ ठेवाच, घामावर फ्लॅश फार चमकतो.

जपायचं एवढंच: हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) चालू नसताना शटर १/२५०च्या पुढे नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर आडवा काळा पट्टा येतो.